डाग न पडणारे लंगोट

वन्सं,

नमस्कार मुद्दामच लिहिला नाही.

बाळ दोन महिन्यांचं झालं तरी पिवळंच होतं. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "तीस वर्षं नर्स होते मी. कोवळ्या उन्हात धर, जाईल कावीळ." वर लंगोट धुऊन वाळत घालताना कौतुक, "किती गुणी पोर! शीचा डागसुद्धा पडत नाही!"

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी शीचाच रंग विचारला. "खडूसारखा," म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. शीला रंग देणारं पित्त आतड्यात उतरतच नव्हतं, लिव्हरमध्येच तुंबलं होतं. महिन्याभरापूर्वी एक रक्ततपासणी केली असती, तर तेव्हाच कळलं असतं. तीस वर्षं काय झोपा काढल्यात?

आणि मी? तुमचं ते कौतुक मीच शेजारणीला मिरवून सांगितलं.

ऑपरेशनला आज नववा दिवस. डॉक्टरीणबाई अजून छातीठोक काही सांगत नाहीत. पण आज सकाळी लंगोटावर पिवळाधमक डाग पडला. धुवायला तुम्ही हात पुढे केलात आणि मी तो हिसकावून घेतला.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. तो डाग मात्र दाखवणार आहे. नीट बघून घ्या, वन्सं. बाळाच्या शीचा रंग असा असतो.

तुमची भावजय