अधांतरी अंगठी

१५ ऑगस्ट १९६६
— आणि अंगठी सरळ वरणात. विजयाने पळीने काढली, धुतली, माझ्या ताटाशेजारी ठेवली. जेवताना सराव करायचा नाही. आजपासून नियम.

दोष माझा नाही. जादूचे पुस्तक विलायती. बाईचा लांब केस घ्यावा, एक टोक मेणाने कानामागे चिकटवावे, दुसरे अंगठीला. मान हळूच मागे घेतली की अंगठी तळहातावरून उठते. पण तिकडच्या बायका खोबरेल लावत नाहीत. इथे मेण टिकत नाही.

२१ ऑगस्ट
गणपतीत कॉलनीच्या मंडपात माझा जादूचा कार्यक्रम. नाव हेडक्लार्क खंडेरावांनी घातले. म्हणाले, "तुम्ही स्टोअर्समध्ये नेमकं काय करता ते साहेबांना कळत नाही. निदान हे तरी कळू दे." म्हणजे वरपर्यंत कुतूहल आहे.

विजयाही पाहील. कराडहून इथे बोईसरला आल्यापासून तिला करमत नाही. तिचा भाऊ गणपतीनंतर न्यायला येणार आहे. परत कधी, हे ती सांगत नाही. अंगठी तरंगताना पाहिली की प्रश्न मिटेल.

२३ ऑगस्ट
विजयाला तेल बंद करायला सांगितले. खाऱ्या हवेत तेलाने केस जातात. तिने विचारले, "तुम्हांला माझे केस दिसतात?" दिसतात, म्हटले. दिवसभर गुणगुणत होती. हवा मानवली असावी.

३० ऑगस्ट
पुरवठा उत्तम. ती गुंतवळ गुंडाळून, तीवर थुंकून टाकते. त्याआधी मी कंगवा गाठतो. केस काडेपेटीत. तिला सांगण्याचा प्रश्नच नाही. गुपित बायकोलाही सांगू नये असे पुस्तकात आहे.

२ सप्टेंबर
गुंतवळ नाहीशी होते हे विजयाच्या लक्षात आले. भांडी घासायला येणारी कमळी म्हणाली, "बाय, केस कोन नेतंय? करनी हाय. आमचे मासवणला असाच झाला." दारावर लिंबू-मिरची. संशय शेजारच्या मैनाबाईंवर. त्यांच्याशी बोलणे बंद.

अंधश्रद्धेवर बराच वेळ बोललो. मैनाबाई निर्दोष आहेत, असे ठामपणे सांगितले. विजयाने विचारले, "तुम्हांला काय माहीत?" फिरायला गेलो.

५ सप्टेंबर
विजया आता शेगडीपुढे बसून विंचरते. गुंतवळ थेट निखाऱ्यावर. कमळी पहाऱ्याला. पुरवठा बंद. काडेपेटीतले केस सरावात तुटले. उमेद कायम.

११ सप्टेंबर, रविवार
दुपारी विजया झोपली होती. शेजारी बसून एक केस निवडला, ओढला. ती जागी झाली. हात तिच्या डोक्यावरच. संपले, असे वाटले. तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "राहू द्या हात." ठेवावा लागला. पायाला मुंग्या आल्या. केस चटईत हरवला.

संध्याकाळी म्हणाली, "दादाला कळवते, एवढ्यात नको येऊस." अंगठी उठण्याआधीच परिणाम!

१५ सप्टेंबर
रोज डोक्यावरून हात फिरवतो. रोज एक केस मिळतो. ती "आई गं" म्हणते आणि हसते. अंगठी आता जवळजवळ उठते.

२० सप्टेंबर
कार्यक्रम झाला.

सणाचे म्हणून विजयाने सकाळी तेल लावले होते. मला उशिरा कळले. तोच केस घेऊन उभा राहिलो. साहेब पहिल्या रांगेत. मान मागे घेतली. अंगठी उठली. खरोखर उठली. वीतभर. साहेब पुढे वाकले. खंडेरावांचा विडा तोंडातच राहिला.

मग बायकांमधून कमळी ओरडली, "बाय, ह्यो तुजा केस!"

दिव्यात केस लखलखत होता. मेण सुटले. अंगठी साहेबांच्या पायाशी. मंडप हसला, सर्वांत मोठ्याने मैनाबाई. खंडेराव म्हणाले, "पुढच्या वर्षी वहिनींनाच स्टेजवर बसवा." टाळ्याही झाल्या. कार्यक्रम पडला असे म्हणता येणार नाही.

विजया हसली नाही. घरी येताना म्हणाली, "मला वाटलं, लाड करताय."

मी म्हटले, एका हाताने दोन्ही कामे होत होती. एवढे स्पष्टीकरण पुरेसे असावे.

२१ सप्टेंबर, सकाळ
विजयाने केसांना चपचपीत तेल लावून घट्ट अंबाडा घातला. मैनाबाई मुंबईला जाणारच होत्या. त्यांच्या सोबतीने गेली, पुढे कराडला. कमळीने ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत पोचवली.

अंगठी माझ्याकडे आहे. कंगवा ती घेऊन गेली.