वरून धडधाकट

ती. आईस,

दुरूनच वाकून नमस्कार. इथे थंडी आहे, पण मी वेळेवर जेवते.

आज प्रयोगशाळेत हादरले. अणुभट्टीत चार वर्षं राहिलेली इंधनाची नळी वरून धडधाकट दिसली, म्हणून मी 'ठीक' लिहिलं. मग ती कापली. आतल्या दगडासारख्या कडक इंधनगोळीची कड किरणोत्साराच्या माऱ्याने बारीक बुडबुड्यांनी पोखरलेली, तुझ्या अनारशासारखी जाळीदार! मी ते 'ठीक' खोडलं.

मेघनावहिनीने कळवलंय, जिन्यात पडल्यापासून तू भिंत धरून चालतेस. मला मात्र फोनवर म्हणालीस, "काही नाही गं, सिद्धिविनायकाला चालत जाऊन आले." मीही "बरं" म्हटलं.

ते 'बरं' मी मागे घेते. पत्र मिळताच एक्स-रे काढ आणि त्याचा फोटो वहिनीकडून मला पाठव. तुझ्या नुसत्या आवाजावर मी आता विसंबणार नाही. हवं तर रागाव.

तुझी,
मनवा