आईचे पांढरे बूट

आई, आज सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना तुझा कठडा लागला. तिथं तू टेकायचीस, पदरानं तोंड पुसायचीस आणि मी विचारायच्या आत म्हणायचीस, "दमलो न्हाय गं, पाणी बघतोय." चुलीच्या धुरानं तुझी छाती कधीच पोखरली होती. साठीला आलेल्या तुला डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं नवी होणार नाहीत मावशी, पण रोज चाललात तर आहेत तेवढ्यावर निभेल." त्याच आठवड्यात तू नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट चढवलेस. शेजारची सून दारातून ओरडली, "काय ओ काकी, शर्यतीला निघालासा व्हय?" तू थांबली नाहीस. "व्हय की! तूबी चल, पोट तरी उतरंल." दिवाळीपर्यंत तू जिना एका दमात चढायला लागलीस आणि वर उभी राहून हसायचीस.

मग आण्णा गेले. नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, हा आपल्या भावकीचा रिवाज. तू बूट खोक्यात घातलेस आणि भिंतीला पाठ लावून बसलीस. मी तेव्हा जयसिंगपुरात, वडगावात याच रिवाजावर भाषणं ठोकत होते. बाया रडायच्या, टाळ्या वाजवायच्या. घरी तुझ्यापुढंही तेच बोलले, ओरडले, शेवटी पाया धरले. "चालणं थांबलं तर श्वास थांबेल, आई! आण्णांना हे आवडलं असतं का?" तू म्हणालीस, "भाषण वडगावात कर. हितं माझं माणूस गेलंय. वरीस सरू दे, मग जातो की." आधी जिना सुटला. मग न्हाणीपर्यंत जातानाही भिंत धरायला लागलीस.

आता सभेत मी तुझी गोष्ट सांगते. रिवाजानं माझ्या आईचा श्वास घेतला, असं म्हणते, आणि मरेपर्यंत म्हणत राहीन. पण आण्णांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीचं मी कुठंच सांगत नाही. पाहुणे गेलेत. तू खोकं काढतेस, बूट घालतेस, नाड्या मला बांधायला लावतेस, कारण वाकलं की तुला धाप लागते. फक्त समोरच्या नळापर्यंत जायचंय. उंबऱ्याशी येतेस, चौकट धरतेस, रस्त्याकडं बघत राहतेस. "उद्या जाऊ या," म्हणतेस. मी खाली बसून नाड्या सोडते. तू माझ्या डोक्यावर हात ठेवतेस.

हा कागद घडी घालून त्याच खोक्यात ठेवते. खोकं रिकामंच आहे, आई. तुझे बूट मला बोटांत आवळतात, तरी आज फेरीला तेच घातले होते.