एवनचा मुलगा, शशिकांतची मुलगी

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅप केलं की तुमच्याकडे एकच टिक जाते आणि तशीच राहते, म्हणून मग कागद. ऑफिसातली तेजश्री सुट्टीवर नाशिकला निघालीये, ती हातात देईल. तिला निदान चहा विचारा. तिचं काही भांडण नाही तुमच्याशी.

आम्ही कतारमध्ये अल वक्राला राहतो. समुद्र जवळ आहे, पण सध्या दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, दिसत काहीच नाही. गॅरेथ महिनाभर गॅसच्या रिगवर असतो, महिनाभर घरी. रिगचा महिना चालू असला की घरात मराठी बोलायला मीच आणि ऐकायलाही मीच. परवा कढीपत्त्याच्या कुंडीला म्हणाले, काय गं, पाणी हवंय का? आणि उत्तर येईल म्हणून थांबलेसुद्धा.

लग्नाआधी तुम्ही म्हणाला होतात, “बेव्हन-फेव्हन हे काय आडनाव झालं? काही अर्थ तरी आहे का त्याला?” मी किती भांडले, पण अर्थ मलाही माहीत नव्हता. आता माहितीये. वेल्समध्ये पूर्वी आडनावंच नव्हती. आपलं नाव आणि पुढे बापाचं, झालं. ‘अप’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि पुढे स्वर आला की ‘अब’. एवनचा मुलगा तो अब एवन. पण त्याचा मुलगा अब एवन नाही, तो त्याच्या बापाचं नाव लावणार. दर पिढीला नाव एक घर पुढे सरकायचं. मग इंग्रजांची राजवट आली, त्यांची कोर्टं, त्यांची कागदपत्रं, आणि त्यांना एका घराला एकच नाव हवं. लगेच नाही झालं ते. काही खेड्यांत तर दोन-अडीचशे वर्षं लोकांनी दादच दिली नाही. पण शेवटी सरकणं थांबलं, आणि ज्या बापापाशी थांबलं तो कायमचा सगळ्यांचा बाप झाला. गॅरेथच्या घरात एवनपाशी थांबलं. अब एवन भराभर म्हणून बघा, बेव्हन होतं. हा एवन मेंढ्या राखायचा की दगड फोडायचा, कोणाला पत्ता नाही. अख्खं खानदान मात्र अजून त्याचीच पोरं.

आपलं उलटंच. आठवतं, स्कूटरवरून जाताना तुम्ही सायखेड्याच्या पुलाशी थांबला होतात? भेळवाल्याला विचारलंत, इथे कोणी सायखेडकर राहतात का? तो म्हणाला, “राहतो आम्ही सगळेच, पण सायखेडकर कोणीच नाही.” तुम्ही केवढे हसलात! मला कळलंच नाही तेव्हा. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही, जो निघून जातो त्यालाच ते चिकटतं. इथे संध्याकाळी गॅलरीत बसलं की हे फार कळतं.

अजून एक, मुद्दाम सांगते. त्या जुन्या वेल्समधल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. मुलीला म्हणायचे ‘व्हेर्ख’, आणि ती शेवटपर्यंत बापाचीच व्हेर्ख. इथल्या कतारी बायकांचंही तसंच. मीही बदललेलं नाहीये, बाबा. तुम्ही विचारलं नाहीत, माझं सांगायचं राहिलं. सायखेडकर इथे कोणालाच म्हणता येत नाही, त्यामुळे दवाखान्यात नर्स दारात येऊन मोठ्यांदा हाक मारते, “ईरा शशिकांत!” सगळ्या वेटिंग रूमभर तुमचं नाव. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसते, तिने परत एकदा हाक मारावी म्हणून.

लग्नात तुमच्या जागी मामा बसले. गुरुजींनी दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या विचारल्या. मला वाटलं, गेला आता गॅरेथ. तर त्याने परवचा म्हणावा तशी नावं म्हटली. ह्यू, डेव्हिड, थॉमस. आजोबांनी लहानपणीच पाठ करून घेतलेली. गुरुजी खूश. मग म्हणाले, मुलीकडचे सांगा. शशिकांत. देवीदास. आणि पुढे? मामी मामांकडे बघतायत, मामा माझ्याकडे. मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, तिच्या वडलांना फोन लावा की!” मामा नुसत्याच अक्षता सारख्या करत बसले. शेवटी गुरुजीच म्हणाले, “असू दे, विष्णू म्हणू.” तर बाबा, देवाब्राह्मणांसमक्ष मी विष्णूची पणती आहे.

तेव्हा मी हसले होते. पण गॅरेथचे आजोबा व्हिडिओ कॉलवर आले की पहिला प्रश्न, “कोणाची गं तू?” आपल्याकडचे म्हातारे विचारतात ना, अगदी तसा. मी सांगते, शशिकांतची. ते कोणाचे? देवीदासचे. आणि ते? गेल्या वेळी त्यांना वाटलं, नेट गेलं. मी तसंच वाटू दिलं.

दवाखान्याचं राहिलं. मला सातवा महिना आहे. मुलगी आहे, इथे आधी सांगतात. आडनाव तिला बेव्हन लागेल, एवन तिलाही घेईल सांभाळून. बारशाला गॅरेथचे आजोबा फोनवरून तिच्या कानात त्यांच्या पिढ्या म्हणणार आहेत, मग माझी पाळी. मला देवीदासच्या पुढे विष्णू म्हणायचं नाहीये. आई नाही, काका नाहीत. पणजोबांचं नाव आता जगात फक्त तुमच्यापाशी आहे. माझ्याशी बोलू नका, चालेल मला. तेजश्री चहा पिईपर्यंत तिच्या फोनमध्ये तेवढं नाव बोला, खलास. जमलं तर आधी तुमचं, मग आजोबांचं, मग त्यांच्या वडलांचं, ओळीने. बारशापर्यंत थांबायचीही गरज नाही. डॉक्टर म्हणाली, तिला आतापासून आवाज ऐकू येतो.

तुमचीच,
ईरा शशिकांत