पुढच्या ट्रकचा कौल

१२ ऑक्टोबर, रविवार

पडलो! घरापुढच्या खळ्यातच, सुगंधाच्या देखत. कोपर सोलपटलं, चष्मा वाचला. सुगंधा भाताला ऊन दाखवत होती. मान वर करून तिने एवढंच विचारलं, "भातार पडलास काय सिमीटार?" सिमेंटवर, म्हटलं. मग ती पुन्हा भात पसरायला लागली. बायको असावी तर अशी.

फळी सलोनीची. सलोनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तारकर्लीला पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवते. आज सुट्टी म्हणून इकडे आमच्या कट्टा गावात आली, तर काखेत ही चाकांची फळी. "काकानू, बघा जरा उभे रवान." राहिलो.

पडण्याआधी जे काही क्षण मिळाले त्यांच्यासाठी ही वही काढली. पायाखालची जमीन डावीकडे कलली. मग उजवीकडे. सावकाश. आडव्या लाटेत डेक झुलतं तशी, अगदी तशीच!

मे महिन्यापासून माझ्या पायाखालचं काही हललेलं नाही. सारं आयुष्य जहाजावर सारंग म्हणून, डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून काढलं. मे महिन्याच्या मेडिकलला डॉक्टरने डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं आणि मी त्याच्याच टेबलावर आडवा झालो. कागदावर लिहिलंन — तात्पुरता अनफिट. डिसेंबरात गोव्याला पुन्हा तपासणी. पास झालो तर जहाज. नापास झालो तर हे खळं, ही माडांची झापं आणि सकाळ-संध्याकाळ कट्टा बाजारातल्या गप्पा-गजाली.

१४ ऑक्टोबर

ठरलं. फळी घेणार. कुणी विचारलं तर तोल सुधारायला, डॉक्टरने सांगितलंय. (डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलंय. ते कोण ऐकतो.)

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फळी कुठलीही चालते म्हणे. सगळं काम ट्रकवर. हो, त्याला ट्रकच म्हणतात. वाळूचा ट्रक, आंब्याचा ट्रक, ड्रायव्हर कोण — सगळे विनोद बाजारात करून झालेले आहेत. पुढे चला.

तर ट्रक म्हणजे फळीच्या पोटाला पुढे एक आणि मागे एक असे दोन धातूचे पाय. पायात आडवी दांडी, दांडीच्या टोकांना चाकं. मध्ये एक जाड बोल्ट आणि त्यावर रबराचे बुश. फळीवर आपण कललो की बुश दबतो, दांडी वळते, फळी वळते. एवढंच यंत्र. पण सलोनी त्यावर फोनवर तासभर बोलली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोबाईल चार्जिंगला लावून ऐकलं.

साधे ट्रक असतात, ते पोरांच्या उड्या मारायच्या फळीचे. माझ्या कामाचे नाहीत, मला उड्या नकोत, झुलायचंय. उरले दोन. एक उलट्या बोल्टचा. तो कलतो सावकाश, उतारावर भरवशाचा, लांब लांब वळणं घेतो. दुसरा स्प्रिंगचा. तो फक्त पुढे लावायचा. त्याचं तोंड माशाच्या शेपटीसारखं दोन्हीकडे फिरतं, पाय जमिनीला न लावता नुसत्या कमरेने फळी पुढे जाते. लाटेवरची चाल म्हणतात ती हीच.

"मगे स्प्रिंगच घेवया," मी म्हटलं.

"घेवा. पण सपाटीर. उतारार स्प्रिंग पिसाळता, काकानू."

२४ ऑक्टोबर

स्प्रिंग की उलटा? सकाळी स्प्रिंग. जेवणानंतर उलटा. दुपारची झोप गेली.

सुगंधाने आज जेवताना विचारलं, "ही सर्कस परत जहाजार जावक व्हया म्हणान?" व्हय, म्हटलं. तिने ताटात आणखी एक बांगडा वाढला आणि विषय संपला. मी जावं की राहावं, तिला काय वाटतं कोण जाणे. ती सांगत नाही, मी विचारत नाही. लग्नापासून हा बेत उत्तम चाललेला आहे.

२६ ऑक्टोबर

उलटा.

२७ ऑक्टोबर

स्प्रिंग!

३ नोव्हेंबर, सोमवार

सुगंधाच म्हणाली, "येवढा घोळतास तर देवाक विचारा."

आमच्यात हे नवीन नाही. विहीर खणायची, म्हैस घ्यायची, सोयरीक करायची — रवळनाथाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. माझ्या वडिलांनी तर टीव्ही रंगीत घ्यावा की कसं याचाही कौल लावला होता. देव रंगीत म्हणाला. तेव्हापासून मी देवाला मानतो.

देवळात बाबली गुरव. शाळेत माझ्याच बाकावर होता. "काय विचारूचा आसा?" मी सांगितलं. बाबलीने हातातला तांब्या खाली ठेवला.

"दत्ता, ह्यो देव लोकांच्या विहिरी आणि सोयरिकी बघता. चाकां बघना नाय."

"बघतलो. तू लाव," सुगंधा म्हणाली. सुगंधाने सांगितलं की बाबलीही ऐकतो, देवही.

बाबलीने ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं सुरू केलं, नाइलाजाने, पण साग्रसंगीत. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो दत्तप्रसाद तुज्या पायांकडे इलो आसा म्हाराजा. तेना जी काय चाकांची फळी घेवक काढल्यान आसा, तिच्या फुडच्या ट्रकाक स्प्रिंग बरी असात तर उजवी दी, नाय तर डावी दी. काय चुकला माकला असात तर पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो. सुगंधाचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. डोळे गच्च मिटलेले, हात जोडलेले. माझ्या चाकांसाठी बायको एवढं देवाला आळवते बघून खरंच बरं वाटलं. उगाच तिला काहीबाही म्हणतो मी.

बराच वेळ काही नाही. बाबली जांभई देणार एवढ्यात उजवी पाकळी पडली.

सलोनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "देवान उताराचा काय सांगल्यान?" मी म्हटलं, देवाने अटी-बिटी काही घातलेल्या नाहीत.

४ नोव्हेंबर

स्प्रिंगचा ट्रक मागवला, सोबत एक साधी फळी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आला. सलोनीने बसवून दिला. मागचा बुश घट्ट, पुढे स्प्रिंग मोकळी.

भात उचलून झालंय, खळं रिकामं. आधी भिंत धरून. मग न धरता. गुडघे वाकवायचे, खांदे आधी फिरवायचे, कंबर मागून येते. फळी आपली आपण चालायला लागली! पाय जमिनीला लागला नाही. तुळशीला वळसा घालून पडवीपर्यंत, परत वळसा. पायांना सगळं आठवत होतं. बिस्केच्या उपसागरात हातात चहा घेऊन डेकवरून चालायचो, थेंब सांडायचा नाही, तेच पाय.

रडू आलं. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. सुगंधा पडवीत बसून बघत होती. ती आत निघून गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

खळं लहान वाटायला लागलं होतं. गाढवपणा असाच सुरू होतो.

धामापूरच्या रस्त्याला नवीन डांबर पडलंय, आणि पुढे तळ्याकडे उतरताना मस्त लांब उतार. सपाटीवर राजा होतो. उतार लागला आणि पुढचा ट्रक फडफडायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा — मी नाही, तो एकटाच! सलोनीचा शब्द आठवला, पण देवाचा शब्द मोठा म्हणून गुडघे वाकवून तसाच राहिलो. मग करवंदीची जाळी आली.

चेहऱ्यावर काटे, ढोपराला टाके. समोरून एस.टी. येत होती. कंडक्टरने उतरून मला ओढून काढलं आणि फळी बघून विचारलं, "आजोबा, नातवाची?"

१७ नोव्हेंबर

सकाळी अंगणातून देवळाच्या दिशेने हात करून मोठ्याने म्हणालो की कौल खोटा. सरळ खोटा. उजवी दिली आणि मला करवंदीत घातलं. यापुढे टीव्हीसुद्धा विचारणार नाही.

सुगंधा हातातला खराटा टाकून आली. "देवाक नावां ठेवू नकात. तो कौल तुमचो नायच होतो."

मग कोणाचा?

"तुमी चाकांचा घेवन बसल्लास. मी मनात दुसरा धरलंय. ह्येंका परत जहाजार जावक लागूचा नाय असात, तर उजवी दी म्हटलंय. आता तुमीच सांगा, देव चाकांक उत्तर दितलो काय माका?"

मनात धरलेल्यालाही कौल लागतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. गुरवाला सांगावं लागत नाही. पण एका पाकळीवर दोन प्रश्न? तसाच लंगडत बाबलीकडे गेलो. हे नियमात बसतं का रे? बाबलीने डोकं खाजवलं. "बसना नाय. पण पडली ती पडली."

संतापलो होतो. माझं ढोपर फुटलं ते हिच्या प्रश्नापायी! देवळाच्या पायरीवर बसून तिला सुनावायची वाक्यं जुळवत होतो, तेव्हा कुठे नीट डोक्यात शिरलं. दर वेळी बॅग भरून द्यायची, नाक्यावर गाडीपर्यंत यायची, "पोचल्यार फोन करा" म्हणायची. जाऊ नका असं एकदाही म्हणाली नाही. मला नाही म्हणाली. देवाला म्हणाली.

वाक्यं तिथेच टाकून घरी आलो.

१८ नोव्हेंबर

तिने ढोपराला हळद लावली. जरा जोरातच लावलीन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सलोनीने स्प्रिंग काढली. दोन्हीकडे उलट्या बोल्टचे ट्रक, पण बुश बदलून मऊ घातले, वजन टाकलं की लोण्यासारखे दबणारे. "आता झुलतलास पण, आणि वाचतलास पण." हे आधी का नाही केलं? "तुमी देवाक विचारलास. माका खंय विचारलास?"

स्प्रिंगची ती चपळाई नाही. पाय मारावा लागतो. पण वळण लांब येतं, मोठ्या समुद्रातल्या फुगवट्यासारखं, जो घाई करत नाही. खरं सांगायचं तर माझ्या वयाचा समुद्र हाच.

बाबली बघायला आला होता. देवाच्या माणसाला पडायचं भय नाही म्हणत चढला. देवाच्या माणसाला आता लंगडत आरती करावी लागेल.

३ डिसेंबर

रोज संध्याकाळी शाळेच्या मागच्या रस्त्याला जातो. सुगंधा बरोबर येते, पडलो तर उचलायला कोणीतरी पाहिजे म्हणून. मी हळूहळू वळणं घेत जातो, ती कडेने चालते आणि अख्ख्या वाडीच्या भानगडी सांगते. कोणाचं कोणाशी वाकडं, कोणाच्या सुनेने काय केलं. इतक्या वर्षांच्या गजाली साठलेल्या आहेत, संपता संपत नाहीत. आज गजाली मथुराकाकूच्या म्हशीपर्यंत आल्या आणि पाऊल चुकून सुगंधाच्या पायावरूनच चाक नेलं. अर्धी वाडी ऐकेल अशा शिव्या दिल्यान. मजा आली.

८ डिसेंबर, सोमवार

परवा तपासणी. सुगंधाने बॅग भरली. गोव्याला दोन दिवस जायचंय आणि स्वेटर घातलान, लोणचं घातलान, तीन महिन्यांचं सामान.

अखेर विचारलं. पास झालो तर?

"तर जावा. मी अडवूचंय नाय."

आणि देवाने तुला सांगितलेलं?

"तेचा मी तेच्याशी बघतंय. तुमी आपली गोळी घेवा आणि निजा."

पाठ वळवून बॅगेची चेन लावत बसली. चेन केव्हाच लागली होती.

१० डिसेंबर, वास्को

फिट. डॉक्टरने शिक्का मारून हातात हात दिला.

बाहेर येऊन सुगंधाला फोन लावला. सांगितलं, नापास.

ती म्हणाली, "रवांदे ता. वायट वाटून घेव नकात. मिळात ती गाडी धरा आणि घराक येवा."