सेमिनार हॉलमधला भंडारा

मुलींचं वसतिगृह, सातारा
रविवार, दुपार

प्रिय दादा,

खिशात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणणारच. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे फोनवर मी ‘कॉलेज’ हा शब्द काढला की तुझी रेंज जाते. बाकी सगळं ऐकू येतं तुला, मेंढरं किती व्यायली, आईचा गुडघा कसा आहे, सगळं. कॉलेज म्हटलं की हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाई गं सोने. कोरेगावच्या रानात टॉवर नाही, असं आता मला सांगू नकोस. नानासो काकांच्या उसात आपली मेंढरं बसतात, त्याच बांधावर बसून मी माझे इंटरनेटवरचे तास केलेत. दुसरं कारण शेवटी सांगते. नानासो काका हे पाकीट तुझ्या हातात देतील. उघडताना वाऱ्याकडे पाठ कर, आणि सावकाश उघड. बस्स, एवढं ऐक.

माझ्या व्हायवाला तू आला नाहीस. मेंढरांपाशी कोण थांबणार, असं तू म्हणालास आणि आईनं मान डोलावली. पण नानासो काकांचा गडी दिवसभर वाघरीच्या जाळीतली मेंढरं सांभाळायला तयार होता हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. खरं कारण सातारच्या बाहेर डोंगराखाली उभं आहे, लोखंडी, निळं, वर विद्यापीठाचं नाव लिहिलेलं. त्या गेटापर्यंत तुझ्याइतकं कुणी आलं नसेल. माझ्या पहिल्या ॲडमिशनपासून तू मला गाडीवरून आणतोस. ट्रंक खांद्यावर घेऊन चालतोस आणि गेटाची लोखंडी पट्टी आली की ट्रंक पट्टीच्या अलीकडे ठेवतोस. पलीकडे मी ओढून घ्यायची. एकदा पावसात मी घसरून पडले, ट्रंक उघडून सगळे कपडे चिखलात गेले, तरी तू पट्टीच्या अलीकडेच उभा राहून ‘सोने, डावीकडं एक ओढणी ऱ्हायली बघ’ असं सांगत होतास. मला रडू येत होतं आणि हसूही. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, ‘तुझा भाऊ फार लाजाळू आहे.’ मी म्हणायचे, हो, फार.

लाजाळू कसला! आपल्या गावातून इंजिनिअरिंगला लागलेला पहिला मुलगा तू. आबांनी तुला घोंगडीवर बसवून ओवाळायला लावलं होतं, आठवतंय? मी तेव्हा लहान होते. मला वाटलं तुझं लग्नच आहे. आणि मग त्याच वर्षी तू बॅग घेऊन परत आलास. काय झालं ते तू कुणाला सांगितलं नाहीस, पण ते मला कळलं, दादा. मी इथं आल्यावर तुमच्या वर्गातल्या एकानंच सांगितलं, तो आता इथंच लॅबमध्ये शिकवतो. सेमिनार हॉलमध्ये तुझं प्रेझेंटेशन होतं. तू इंग्रजीत अडखळलास, मग आपल्या बोलीत सांगायला लागलास, आणि मागून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. मग दुसरा ओरडला. मग सगळा हॉल. समोर बसलेले सरसुद्धा हसले. तू गावी आलास, बिरोबाच्या देवळात गेलास आणि भंडारा उचललास. त्या गेटाच्या आत पाय टाकणार न्हाई. आपल्यात भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. आबांनीही पुन्हा शब्द काढला नाही. पण बारावी झाल्यावर मला त्याच विद्यापीठात घालायचं तू ठरवलंस. सगळे नको म्हणत होते आणि तू एकटा हटून बसला होतास. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आता कळतो.

माझ्यावरही ओरडले होते एकदा. पहिल्या वर्षी, कॅन्टीनच्या रांगेत. मी वळून म्हटलं, ‘कळपातून चुकलास व्हय रं? चल, मालकाकडं पोचवते.’ त्यानंतर कुणाची टाप झाली नाही. मला लाज वाटायच्या आधी राग येतो, हा माझा गुण आहे आणि तो मी आईकडून घेतला. तरीही सांगते, मला या जागेचा लळा लागला. हिरवळीवर चालू नये अशी पाटी आणि तिच्यावरच बसलेली पोरं, प्लेसमेंटचे हे मोठाले फलक, तपासणी समिती येणार म्हटलं की रातोरात उगवणाऱ्या कुंड्या आणि समिती गेली की गायब होणाऱ्याही त्याच कुंड्या. या सगळ्याला मी हसते, पण सुट्टीत चार दिवस गावी आले की इथल्या मातीच्या प्रयोगशाळेचा वास आठवतो. माझ्या गाइड रेश्मा मॅडमनी पीएच.डी.साठी विषय विचारला तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही. ज्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात तिथल्या मातीत काय काय जगतं, हा विषय. मॅडम म्हणाल्या, ‘सोनम, हे तू लहानपणापासून करतेच आहेस, आता फक्त मोजायचं.’

तर आता व्हायवाचं ऐक. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते. कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. आपली माणसं कुणीही म्हटल्यावर थांबतात होय? आबा लाल फेटा बांधून, आई नव्या लुगड्यात, नानासो काका मिलिटरीतली पदकं लावून. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा परीक्षकांसाठी वेगळा आणला होता. हॉल तोच, दादा. तुझाच. इथं मोठा हॉल एकच आहे. आता खाली निळा गालिचा आहे, एसी आहे, बाकी भिंती त्याच. मी माईकपाशी उभी राहिले तेव्हा माझ्या मनात प्रबंध नव्हता. तू नेमका कुठं उभा राहिला असशील, तेच मी बघत होते.

बाहेरचे परीक्षक धारवाडचे होते. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला आठ्या, बोलणं फक्त इंग्रजीत. त्यांनी मला तासभर पिळून काढलं. शेवटी चष्मा काढून विचारलं, या रानांत मेंढरं खरोखर बसली होती याला तुझ्याकडे पुरावा काय? शेतकऱ्यांनी सांगितलं आणि तू लिहिलंस, एवढंच ना? रेश्मा मॅडमचा चेहरा उतरला. मी म्हणाले, ‘सर, ती मेंढरं आमची होती. वाघरीला लागून माझी आई झोपायची, तिच्या शेजारी माझा भाऊ आणि त्याच्या घोंगडीत मी. पुरावा मीच आहे.’ इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य मराठीत कधी संपलं मला कळलं नाही. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. परीक्षकांना बाजूच्या सरांनी ते समजावून सांगितलं, आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

मग अध्यक्ष उठले. ते कुलगुरूंचे प्रतिनिधी, नियमाला पक्के. आपली माणसं पाहून मराठीत म्हणाले, ‘उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय का? कुणाची काही हरकत?’ कुणी बोललं नाही. आता तूच सांग, आपल्यात सोयरीक ठरवताना बैठकीत म्हातारा उठून विचारतो, ‘हरकत हाय का कुणाची?’ आणि कुणी बोललं नाही की पुढं काय होतं? तेच झालं. आबा उभे राहिले, ‘कुणाची हरकत न्हाई!’ म्हणून गरजले, कनवटीची पिशवी सोडली आणि ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणत मूठभर भंडारा उधळला. एक मूठ नव्हे, दोन. परीक्षक आत जाऊन चर्चा करतात, मग निकाल सांगतात, हे आबांना सांगायचं मी साफ विसरले होते. एसीच्या वाऱ्यानं भंडारा थेट व्यासपीठावर नेला. प्रोजेक्टरचा झोत पिवळा झाला, पडद्यावरचा माझा तक्ता पिवळा झाला आणि धारवाडच्या सरांचा तो शर्ट, काय सांगू तुला, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखा झाला.

रेश्मा मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अध्यक्षांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आबांना काहीतरी चुकलं एवढं कळलं आणि ते हात जोडून उभे राहिले, ‘आवं सायब, ठराव झाला न्हाई व्हय अजून?’ मला वाटलं, झालं, आता पुन्हा या हॉलमध्ये तेच होणार, या वेळी आबांचं. तेवढ्यात परीक्षकांनी बाहीवरचा भंडारा बोटावर घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाले, ‘बीरप्पन भंडारा एन्री?’ कानडीत, आपल्या बिरोबाचं नाव! आबांचा चेहरा बघायला हवा होतास. ‘हौद्री, नम्म बीरप्पा!’ आणि मग माझ्याकडे बोट करून, ‘नम्म मगळु,’ आमची लेक. सीमेवरच्या आपल्या जतच्या माणसाला कानडी शिकवावी लागत नाही. सरांनी ते बोट कपाळाला लावलं, वळून अध्यक्षांना म्हणाले, देवानं आमच्याआधीच सही केली, आता आम्ही काय नापास करणार!

तेव्हा हॉल हसला. सगळाच्या सगळा, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत. आणि दादा, सगळ्यात मोठ्यानं आबा हसले. मी त्या हसण्याकडे कान देऊन ऐकलं, अगदी पारखून ऐकलं. त्यात टोचणारं काही नव्हतं. थोड्या वेळानं परीक्षक आतून आले ते सगळे कपाळाला भंडारा लावून. नाव पुकारलं, डॉक्टर सोनम धनाजी गडदे. आईनं नुसतं ‘माझं लेकरू’ म्हटलं आणि ती खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. तर ती पदरानं गालिच्यावरचा भंडारा गोळा करत होती, पायदळी येऊ नये म्हणून. मला माझ्या माणसांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पदवीपेक्षाही जास्त.

संध्याकाळी मी त्यांना गाडीत बसवून परतले तर गेटावरच्या जोतीरामनं हाक मारली. म्हणाला, ‘मॅडम, तुमचं दादा सकाळपासनं हितं हुतं. आत चला म्हटलं तर न्हाई म्हणालं. खुर्ची दिली, तर ती पण पट्टीच्या भायेर ठेवाय लावली.’ दिवसभर तू उन्हात बसलास. दुपारी कुणीतरी पोरगा पिवळाधमक होऊन शिंकत बाहेर आला, तेव्हा तू मोठ्यानं हसलास, खुर्ची उचलून जोतीरामच्या हातात दिलीस आणि गेलास. निकाल लागायच्या आधी! भंडारा दिसला की तुझ्या लेखी ठराव झाला, तूही आबांचाच मुलगा. मी त्या खुर्चीवर बसून खूप रडले.

आता पाकिटात हात घाल. कागदाची पुडी आहे ना, तो त्याच हॉलमधला भंडारा आहे, आईनं पदरात गोळा केलेला. फोनवरून तो पाठवता आला नसता, म्हणून हे पत्र. माझ्याकडे पाठवण्याआधी आबा तो घेऊन बिरोबाला गेले. तुझी शपथ देवापुढं मांडली, जिथं पोराला हसले तिथंच तुझा भंडारा पडला, आता पोराला मोकळं कर, असं म्हणून कौल लावला. सकाळपासून उपाशी बसले होते. देवानं उजवा कौल दिला, दादा. शपथ सुटली. पुढच्या महिन्यात दीक्षान्त समारंभ आहे. घरच्यांसाठी दोनच पास मिळतात. एक आईचा. दुसरा आबांना दिला तर म्हणाले, ‘मी एकदा जाऊन पिवळं करून आलोय, आता पोराला दे.’ तो पास पुडीच्या खाली आहे. भंडारा कपाळाला लाव आणि ये. या वेळी ट्रंक नाही, हात मोकळे ठेव. पट्टीपाशी मी उभी असेन, आतल्या बाजूला.

तुझ्याच घोंगडीतली,
सोनी