कमानीऐवजी प्रणालीबाई

प्रिय गोपाल,

तुला सलाम, वहिनींना नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. डॉक्टरांनी मनाई करूनही तू दुकानाच्या माळ्यावर पाइप मोजायला चढतोस, असं वहिनींनी मागे फोनवर सांगितलं. चढू नकोस. इकडे अल्लाहच्या कृपेने सगळे ठीक आहेत. कापूस फुटला आहे, वेचणी जोरात आहे. थंडीच्या तोंडावर गाद्या भरून घेणाऱ्यांची गर्दी इतकी आहे की माझ्या भुवयांवर दिवसभर रुई बसलेली असते, आणि नात मिस्बाह मला बघून 'आजोबा पिकले' असं गल्लीभर सांगते. माझी प्रकृती म्हणशील तर अंगाने बरी आहे, डोक्याने नाही. डोक्याचं कारण तू आहेस, म्हणून हे पत्र.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. केला होता. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्धं वाक्य मला आणि अर्धं गिऱ्हाइकाला. मी म्हणालो, बालवाडीच्या प्रणालीबाई चालल्या. तू म्हणालास, 'दोन इंची की तीन इंची?' तेव्हा ठरवलं की कागदावर लिहावं. कागद वाचताना तुला मध्ये बोलता येणार नाही. बुधाजी त्याची पिकअप घेऊन उद्या अमरावतीला येतो आहे, त्याच्या हाती पत्र देतो. तो उभा राहील आणि तू वाचेपर्यंत हलणार नाही, असं त्याला बजावलं आहे (त्याला चहा पाज).

तर सुरुवातीपासून सांगतो, कारण तुझ्या बाजूने ही गोष्ट फार सुंदर दिसत असणार. सुभद्रामाय गेली, त्यानंतर तू म्हणालास की आईच्या नावाने गावच्या बालवाडीसाठी काहीतरी करायचं आहे, काय पाहिजे ते सांग. मी लगेच सांगितलं होतं. बाईंचा पगार गावच्या वर्गणीतून होतो, म्हणजे बहुतेक वेळा होत नाही. तेवढा महिन्याच्या महिन्याला होईल असं बघ. तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. 'ते करू रे, पण आधी दिसेल असं काहीतरी देऊ.' त्या दिवसापासून तू जे जे दिलंस ते सगळं दिसतं आहे. मला तर डोळे मिटले तरी दिसतं.

पहिल्यांदा थंड पाण्याचं मशीन आलं. पोटावर सुभद्रामायचं नाव, सोनेरी अक्षरांत. त्याचा नळ माझ्या छातीला लागतो आणि बालवाडीतलं सगळ्यात उंच पोर माझ्या मांडीला. मग विटा रचल्या. विटांवरून एक पोर पडलं, तेव्हा विटा काढल्या. आता त्या मशीनचं पाणी चौकातली माणसं पितात, उन्हाळ्यात बसस्टँडवरून लोक बाटल्या घेऊन येतात, आणि विजेचं बिल बालवाडीच्या नावाने येतं. पोरं आपली पूर्वीसारखीच माठातलं पितात. त्यांना तेच आवडतं, कारण माठात पेला बुडवता येतो.

मग बाक आले. सिमेंटचे. तू फोटो मागितलास म्हणून आपल्या समितीचे अध्यक्ष रामराव यांनी ते खोलीच्या आत लावून घेतले. खोली तुला माहीत आहे, सोसायटीचं जुनं गोदाम. बाक लावल्यावर आत एक तर बाक राहू शकत होते किंवा पोरं. प्रणालीबाई पोरांना गोल बसवून शिकवतात, तो गोल बाकांमुळे आधी लांबट झाला आणि मग दाराबाहेर गेला. शेवटी गावातल्या धडधाकट माणसांनी, सुभद्रामायची मनातल्या मनात माफी मागत (काहींनी तुला मोठ्याने शिव्या देत), ते बाक बाहेर कडुनिंबाखाली नेले. आता तिथे पत्ते चालतात. मागच्या आठवड्यात जेवायला बसलो, तर मिस्बाहने आजीच्या हातची भाकर घेतली आणि विचारलं, "हुकूम कायचा हाय?" आमच्या घरात पत्त्यांना कधी हात लागला नाही, गोपाल. माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच रोज निंबाखाली बसतो.

आणि मग ते पंखे. हे तुला कोणी सांगितलेलं नाही, मीच सांगतो. एका पात्यावर 'कै. सुभद्राबाई', दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर तुझं नाव. उद्घाटन एप्रिलच्या शेवटी ठेवलं. आपल्याकडचा एप्रिल तू अमरावतीला असूनही विसरला नसशील. पंखा सुरू झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी तुला फोटो पाठवला, आणि लगेच तुझा फोन आला की नाव कुठे आहे. नाव कुठे असणार? नाव फिरत होतं. त्यावर रामराव ओरडले, "बंद कर बे तो पंखा! लोकायले वाचता नाई येऊन राहिलं!" झालं. पंखा बंद करून पंख्याचं उद्घाटन झालं. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत पोरं त्या स्थिर पात्यांखाली घामाने निथळत बसली. एकाला उलटी झाली. प्रणालीबाईंनी त्याला उचललं आणि माठाजवळ नेऊन तोंड धुतलं, आणि रामराव भाषणात म्हणत होते की वाऱ्याची सोय झाल्याने बालकांचा विकास होणार आहे. आजही गावात कोणी पाहुणा आला की रामराव आधी जाऊन पंखा बंद करतात. मी मनातल्या मनात 'अस्तगफिरुल्लाह', अल्लाह माफ कर, म्हणतो, कारण दुसरं जे तोंडावर येतं ते म्हणण्यासारखं नसतं.

तुला वाटेल, रहीम नुसता टोमणे मारतो. तसं नाही. मी दुकानात बसून रुई पिंजताना यावर पुष्कळ विचार केला आहे (मशीनच्या आवाजात दुसरं काही करताही येत नाही). गादी घ्यायला येणारा माणूस कापड बोटांनी चाचपतो, फुलं बघतो, रंग जातो का विचारतो. आत काय भरलं हे कोणी विचारत नाही. पण झोपायचं असतं आतल्यावर. आणि पहिला थर जर उंचसखल बसला, तर वरून कितीही टाके घाला, कितीही रुई कोंबा, ते ढेकूळ जात नाही. मग सगळी गादी उसवावी लागते. पोरांचं मला तसंच वाटतं. पहिली पाच वर्षं हा तो खालचा थर आहे. पुढे दहावीत शिकवणी लावा, कॉलेजात पाठवा, मोबाइल घेऊन द्या, ते सगळे वरचे टाके. खालच्या थरासाठी मात्र आपल्याकडे वर्गणी मागावी लागते, आणि तीही लोक 'पुढच्या हंगामात बघू' म्हणतात. पोर काही पुढच्या हंगामापर्यंत तीन वर्षांचं राहत नाही.

मिस्बाहचंच बघ. साडेतीन वर्षांची होईस्तोवर ती एक शब्द बोलत नव्हती. बोटाने दाखवायची, नाही समजलं तर रडायची. दर्ग्यावर नेलं, अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्हीकडे सांगितलं की सब्र करा. प्रणालीबाईंनी माझ्याच दुकानातल्या चिंध्यांची एक बाहुली केली, ती मिस्बाहच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिले बोलता येत नाई बाप्पा. हिले काय पायजे, ते तूच सांग मले." असं किती तरी दिवस चाललं. एके दिवशी मी चिंध्यांचं गाठोडं द्यायला गेलो होतो, आणि माझ्या कानांनी ऐकलं. मिस्बाह म्हणाली, "तिले पाणी पायजे." मी तिथून बाहेर आलो आणि तुझ्या सिमेंटच्या बाकावर बसलो. (त्या एका दिवशी बाक उपयोगी पडला, हे मान्य करतो.)

आणि हे एकट्या मिस्बाहचं नाही. वेचणीच्या दिवसांत बाया पहाटे शेतात जातात. लहान पोर एक तर शेताच्या धुऱ्यावर झोपवायचं, नाही तर मोठ्या बहिणीच्या कडेवर द्यायचं. ती आचल आठवते का, तुमच्या शेजारची? दोन वर्षं दिवाळीनंतर शाळेत दिसलीच नाही, भाऊ सांभाळत होती. आता भाऊ बालवाडीत बसतो आणि आचल पाचवीत. एका बाईने दोन पोरं शाळेत घातली, एक बालवाडीच्या आत आणि एक बाहेर. तुझ्या आईनेही हेच केलं होतं, फक्त तेव्हा त्याला कोणी बालवाडी म्हणत नव्हतं. तुमच्या अंगणात वेचणीवाल्यांची सगळी पोरं बसायची, त्यांत मीही होतो. तिने आपल्याला गाणी शिकवली, नाकं पुसली, आणि भांडलो तर दोघांनाही एकाच फटक्यात समज दिली. तिच्या नावाचं काही करायचं असेल, तर ते काम चालू राहणं हे तिचं नाव.

आता तू नव्याने कबूल केलेली कमान. रामराव मागच्या आठवड्यात दुकानात नकाशा घेऊन आले. दोन खांब, वर हत्ती, मध्ये सुभद्रामायचं नाव, खालून ट्रक जाईल एवढी उंची. बालवाडीला कंपाउंड नाही, भिंत नाही, कूडसुद्धा नाही. चहूबाजूंनी मोकळं मैदान आणि मधोमध एकटी कमान. पोरं तिच्या खालून कशाला येतील, बाजूने येतील. मी तसं म्हणालो, तर रामराव चिडले.

"रहीमभाई, तुमी गादीवाले. बांधकामातलं तुमाले काय समजते?"

मी म्हटलं, "बाई चालली ना जी. कमान पोरायचं नाक पुसून देईन काय?"

"एक गेली त दुसरी भेटते. कमान एकदा झाली का पन्नास वर्षं हालत नाई."

हालत नाही हे खरं. पोरालाही हलवत नाही.

बाई चालल्या, ही खरी गोष्ट आहे. तेल्हाऱ्यातल्या एका कॉन्व्हेंटने त्यांना बोलावलं आहे. पगार दुप्पट, तोही दर महिन्याला, आणि शाळा घराच्या जवळ. आपल्याकडे त्या स्वतःच्या स्कूटीवर येतात आणि दिवाळीचा पगार अजून मिळायचा आहे. चिंध्या न्यायला आल्या तेव्हा माझ्यासमोरच बसून म्हणाल्या, "चाचा, मले जावंसं नाई वाटत. पण घरी काय सांगू? कायच्या भरवशावर राहू?" त्या शाळेने त्यांना सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. माझ्याजवळ रुई आहे, भरवसा नाही. त्यांना चिंध्यांचं गाठोडं बांधून दिलं, मग नमाजाची वेळ झाली म्हणून उठलो. त्या दिवशी दुआ मागताना मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. तुझ्यासाठी अक्कल मागितली.

जास्त काय लिहू. माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, आपण एका अंगणात वाढलो आहोत. वहिनींनी तब्येत सांभाळावी.

तुझा,
अब्दुल रहीम

ता. क. : विनंती सरळ लिहायची राहिली. कमान नको. त्याच पैशांत प्रणालीबाईंचा आणि त्यांच्या मदतनीस बाईंचा पगार पुढची पाच वर्षं दर महिन्याला होईल, अशी सोय कर. यात नाव कुठे लिहायचं, यावर मी प्रामाणिकपणे विचार केला. बाईंच्या स्कूटीच्या मागच्या बाजूला थोडी जागा आहे, पण ते बरं दिसणार नाही.

ता. क. २ : बुधाजीबरोबर वहिनींसाठी एक नवी गादी पाठवली आहे. ही लाच समजू नकोस. लाच द्यायची असती तर दोन पाठवल्या असत्या.

ता. क. ३ : सोमवार काल होऊन गेला. त्या सकाळी बाई बालवाडीत निरोप घ्यायलाच आल्या होत्या. पोरं त्यांच्या पदराला धरून होती, मिस्बाह काहीच बोलत नव्हती, पहिल्यासारखी बोटाने दाखवत होती. ते मला बघवलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की गोपालरावाने पाच वर्षांचा पगार कबूल केला आहे, तसा त्याचा फोनही आला होता. रामरावही तिथेच होते, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी तिथूनच कॉन्व्हेंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तर गोपाल, आयुष्यभर मी खोटं बोललो नाही आणि बोललो ते तुझ्या नावाने. कालपासून मशिदीत सगळ्यात मागच्या रांगेत उभा राहतो आहे, लोक विचारतात, तब्येत बरी नाही का. ते खोटं खरं करणं एकट्या तुझ्या हातात आहे. हो म्हणून चिठ्ठी लिहून बुधाजीजवळ दे, आणि शक्यतो जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या आत दे.